ओळखणे आणि जाणणे

प्रिय धर्मग्रामस्थांनो,

धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर एका मुलाने मला विचारले, “फादर, पप्पांचा मोबाईल त्यांचा चेहरा बघून उघडतो. मग मोबाईल पप्पांना ओळखतो का?” मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. त्याचे उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो.

यंत्र ओळखायला कसे शिकते? हाताने लिहिलेले आकडे घ्या. प्रत्येकाचा ७ निराळा, त्यामुळे नियम सांगून भागत नाही. म्हणून अमेरिकेत १९९० च्या दशकात जनगणना खात्यातील कर्मचारी आणि शाळकरी मुले यांच्या हस्ताक्षरातील ६०,००० आकडे यंत्राच्या शिकवणीसाठी एकत्र केले गेले. प्रत्येक चित्रात २८ गुणिले २८, म्हणजे ७८४ ठिपके. ते किती गडद, किती फिके यावरून यंत्र अंदाज बांधते. अंदाज चुकला की आतले गणित थोडे बदलले जाते. असे असंख्य वेळा झाल्यावर ते क्वचितच चुकते. मात्र आठवड्याचे सात दिवस किंवा सात संस्कार म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नसते.

यंत्र दाखवले तेवढेच शिकते. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधक स्त्रियांनी, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुका फार तर ०.८ टक्के, तर काळ्यासावळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत! चेहऱ्यांच्या प्रचलित संग्रहांत गोऱ्यांचाच भरणा होता.

जानेवारी २०२० मध्ये डेट्रॉईट शहराच्या पोलिसांनी यंत्राने चेहरा जुळवला म्हणून एका कृष्णवर्णीय गृहस्थाला पत्नी आणि दोन लहान मुलींदेखत अटक केली. ज्या चोरीसाठी पकडले, तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी सुमारे ३० तास तो कोठडीत होता. यंत्राने फक्त ‘जुळते’ म्हटले होते. ‘हाच तो’ असे माणसांनी ठरवले.

अठराव्या शतकातील तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम म्हणत असे की अनुभवावरून आपण बांधलेले अंदाज मुळात सवयीवर उभे असतात. सेमिनरीत हे शिकताना मला तो केवळ परीक्षेचा प्रश्न वाटला होता. गेल्या वर्षी एक माणूस ऑफिसच्या दारात आला. विस्कटलेले केस, दारूचा वास. त्याने तोंड उघडण्याआधीच मी म्हणालो, “आज पैसे मिळणार नाहीत.” तो आईच्या पहिल्या वर्षाची मिस्सा सांगायला आला होता. काही न बोलता परत गेला.

मीही त्या दिवशी चेहरा जुळवला होता. फरक एवढाच की यंत्राची चूक दुसऱ्याने दाखवावी लागते आणि तिची त्याला लाज वाटत नाही. मला वाटली. संध्याकाळी मी त्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याने मला चहा दिला आणि आईबद्दल तासभर बोलला. त्याला मी जाणू लागलो तो तेव्हा.

इशायच्या घरी थोरल्या मुलाची उंची पाहून शमुवेल संदेष्टाही फसला होता. देव अंतःकरण पाहतो, हे त्याला तिथे शिकावे लागले. आपल्याला अंतःकरण दिसत नाही. पण थांबता येते, विचारता येते, ऐकता येते.

तेव्हा बाळा, मोबाईल पप्पांचा चेहरा जुळवतो. पप्पा आज दमून आले आहेत, हे मात्र तुलाच जाणावे लागेल.

आपला,
प्रमुख धर्मगुरू