न झालेल्या गोलाचं पुण्य

आमच्या कोल्हापुरात गुलाल पडतो तो फॉरवर्डच्या डोक्यावर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहारची फुटबॉल मॅच संपली की हलगीच्या तालावर पोरं खांद्यावर घेतात ते गोल मारणाऱ्याला. मी पेठेच्या संघात बॅकला खेळलो, पुढं कॉलेजात भारतीय तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळं बॅकच्या कामाला शास्त्रात कुठं जागा सापडते का, हे शोधायचा नाद लागला.

निष्काम कर्म कुणालाही आधी आठवतं. परीक्षेतही पोरं प्रत्येक उत्तरात तेच लिहितात. पण फळाची आशा सोडायची तर आधी फळ असावं लागतं. बॅकला जवळचं आहे ते मीमांसकांचं नित्यकर्म. संध्या केली म्हणून स्वर्ग मिळत नाही, चुकवली तर मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. मॅचभर जागा राखली तर बॅककडं कोण बघतंय? एकदा पाय घसरला की गॅलरीतून सात पिढ्यांचा उद्धार!

शंकराचार्यांना हे मान्य नाही. न करणं हा अभाव, त्यातून दोषासारखी खरीखुरी गोष्ट कशी उपजेल, असं ते गीताभाष्यात विचारतात. युक्तिवाद बिनतोड आहे, पण आचार्य कधी आमच्या गॅलरीत बसले नव्हते. आणि अभावातून काहीच उपजत नसेल तर बॉबी मूरचं काय करायचं?

मूर वेस्ट हॅमचा बॅक, इंग्लंडकडून 108 सामने खेळलेला, 1966 च्या जगज्जेत्या संघाचा कर्णधार. त्या फायनलला तीन गोल मारणारा जेफ हर्स्ट पुढं 'सर' झाला. मूर 1993 मध्ये कर्करोगानं गेला, 'सर' न होताच. वेम्बलीसमोर 2007 मध्ये पुतळा उभा राहिला तो मात्र त्याचा. कर्णधार होता म्हणून, असं कुणी म्हणेल, बरोबरच आहे. पण 7 जून 1970 ला ग्वादलाहारात तो पुतळ्यापुरता कर्णधार नव्हता. ब्राझीलचा जैर्झिन्यो चेंडू घेऊन सुसाट आत घुसला, आणि मूरनं अचूक वेळ साधून, फाऊल न करता, त्याच्या पायातला चेंडू काढून घेतला. मॅच इंग्लंड 1-0 हरलं, गोल जैर्झिन्योचाच. तरी लोक अजून त्या टॅकलबद्दल बोलतात.

तो टॅकल दिसला, कारण गोल जवळजवळ दिसला होता. नैयायिक म्हणतात, काय नाही हे ठाऊक असल्याखेरीज 'नाही' कळत नाही. मूरची खरी करामत याच्याही अलीकडची. तो पळायला काही वेगवान नव्हता. पास कुठं पडणार हे ओळखून आधीच तिथं जाऊन उभा राहायचा, मग समोरचा तिकडं पासच द्यायचा नाही. जी चढाई सुरूच झाली नाही, ती प्रेक्षकानं आठवायची कशी?

ती ठाऊक असते फक्त अडवलेल्या माणसाला. त्या मॅचनंतर पेले आणि मूर यांनी जर्सी बदलल्या. तो फोटो जगानं पाहिलाय. दोस्ती दोघांची होतीच, पण पेलेला त्या दिवशी कुठली वाट बंद होती हे गॅलरीपेक्षा पेलेलाच जास्त माहीत.

माझ्या पेठेतल्या नव्या पोरांना मी कोण ते ठाऊक नाही. पलीकडच्या पेठेचा एक जुना फॉरवर्ड मात्र रंकाळ्यावर भेटला की बरोबरच्यांना सांगतो, "ह्या मास्तरानं मला लई छळलंय." मीमांसक याला फळ मानणार नाहीत. मी मानतो, आणि त्याच्या चहाचे पैसे देतो.