घर किती पिढ्यांचे?

घर बांधताना ते किती वर्षे टिकेल, हे आपण आवर्जून विचारतो. ते किती पिढ्यांच्या उपयोगी पडेल, हे मात्र क्वचितच विचारतो. भिंती शंभर वर्षे टिकण्याजोग्या असाव्यात आणि नातवंडांना त्या तिसाव्या वर्षीच पाडाव्या लागाव्यात, असेही घडते.

मस्जिदे नबवीचा इतिहास या दृष्टीने पाहावा. इ. स. 622 मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) आणि त्यांच्या सहाबींनी ती स्वहस्ते उभारली. भिंती कच्च्या विटांच्या, खांब खजुरीच्या बुंध्यांचे, छप्पर झावळ्यांचे. सुमारे दीड वर्षाने किब्ला बैतुल मक्दिसऐवजी काबागृहाकडे, म्हणजे उत्तरेऐवजी दक्षिणेस वळला. मस्जिद पाडावी लागली नाही. उत्तरेकडील छपराखालची जागा बेघर सहाबींचा निवारा बनली. तीच सुफ्फा; ज्ञानाचे केंद्रही तीच. खैबरनंतर नमाजी वाढले, तशी मस्जिद वाढली. हजरत उमर (रजि.) यांनी हिजरी 17 मध्ये तिचा विस्तार केला, पण बांधणी साधीच ठेवली. हजरत उस्मान (रजि.) यांनी हिजरी 29 मध्ये दगड, चुना आणि सागवान वापरले. उद्देश अढळ राहिला. रूप गरजेप्रमाणे बदलत गेले.

मग पक्के बांधकाम गैर आहे काय? मुळीच नाही, हजरत उस्मान (रजि.) यांचे उदाहरण समोर आहे. गैर आहे तो इस्राफ. वाहत्या नदीकाठीही वुजूचे पाणी उधळू नये, असे आपण मुलांना शिकवतो. मग वर्षातून महिनाभरच उघडणाऱ्या बंगल्यात ओतलेली वाळू, सिमेंट आणि लोखंड यांचा हिशेब कोणी द्यायचा? पृथ्वी ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, आणि त्या अमानतीत पुढच्या पिढ्यांचाही हक्क आहे.

कोकणातील जुन्या घरांत ही जाण होती. जांभ्याचा चिरा निखळला तरी पुन्हा वापरता येई. कौल फुटले तर तेवढेच बदलता येई. कुटुंब वाढले की पडवी बंद करून खोली होई.

या प्रश्नाला न्यायाचीही बाजू आहे. कुरआनने मुलीचा वारसाहक्क निश्चित केला आहे. तरीही ‘घराचे तुकडे कसे करायचे?’ या सबबीखाली तो बुडवला जातो. वास्तविक घर विभागता येत नसेल, तर वाट्याची किंमत देता येते; म्हणून ही सबब मुळातच खोटी आहे. परंतु ज्या घराला दुसरा दरवाजा आणि स्वतंत्र जिना काढता येतो, त्या घरात ती उच्चारण्यासही जागा उरत नाही.

तेव्हा नकाशा पक्का करण्यापूर्वी स्वतःस विचारा: वृद्ध आईवडिलांना जिना न चढता येथे राहता येईल काय? उद्या यातील अर्धा भाग एखाद्या भाडेकरूला किंवा विधवा बहिणीला देता येईल काय? दिवसा दिव्याविना उजेड आणि पंख्याविना वारा मिळेल काय? पावसाचे पाणी गटारात न जाता विहिरीत मुरेल काय?

आपण या घरात मुसाफिर आहोत. मुसाफिराने मुक्काम असा सोडावा की मागून येणाऱ्याला तो राहण्याजोगा वाटेल. अल्लाह आपल्याला तशी सद्बुद्धी देवो. आमीन.