कोरड्या रस्त्याचें ऋण

शिरोळ तालुक्यांत कृष्णा, पंचगंगा, वारणा व दूधगंगा या चार नद्यांचें पाणी येतें. आणि भूमि इतकी सपाट, कीं कृष्णा फुगली म्हणजे नरसोबाच्या वाडीस तिला मिळणारी पंचगंगा तुंबून मागें पसरते. वाडीच्या देवळांत पादुकांवरून वाहणारें पाणी दक्षिणद्वारानें बाहेर पडूं लागलें, कीं भाविक त्यांत स्नान करून धन्य होतात. तेंच पाणी कोसभर पलीकडे सडकेवर चढलें, कीं त्यास आपत्ति म्हणतात. दोहोंपैकीं कोणासहि मी हंसणार नाहीं.

ऑगस्ट 2019 व जुलै 2021 या दोन्ही महापुरांत कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगा 43 फुटांची धोक्याची खूण ओलांडून 55 फुटांवर गेली. पुलाची शिरोली येथें पुणें-बंगळूर हमरस्ता कांहीं दिवस बंद राहिला. असें झालें, कीं सुशिक्षितांच्या तोंडीं पहिली मागणी येते ती रस्ते उंच करण्याची. मागणी निरुपद्रवी दिसते. परंतु मातीचा भराव घालून, चार मोऱ्या ठेवून उंच केलेला रस्ता पूरक्षेत्रांत आडवा पडला, म्हणजे तो रस्ता राहत नाहीं, बांध होतो. पाणी नाहींसें होत नाहीं. वरच्या अंगास चढून कोणाच्या तरी माजघरांत शिरतें.

येथें प्राचीन रोमन कायद्याची आठवण होते. शेजाऱ्यानें बांधकाम करून पावसाच्या पाण्याचा ओघ बदलला व आपल्या शेतास त्यापासून धोका उत्पन्न झाला, तर त्याजवर फिर्याद करतां येत असे. आमच्या प्रकरणांत शेजारी म्हणजे सारी प्रवासी जनता, म्हणजे तुम्हीं-आम्हींच. मोटारींतून कोरडे जाणाऱ्या मनुष्याला आपण कोणाचें कांहीं बुडविलें असें स्वप्नांतहि वाटत नाहीं, आणि घर बुडालेल्याला प्रतिवादी सांपडत नाहीं.

जुनी फरशी बरी होती, असेंहि म्हणवत नाहीं. ती पाण्यास वाट देत असे खरी, पण गांवास कोंडून ठेवीत असे. 8 ऑगस्ट 2019 रोजीं सांगलीकडील ब्रह्मनाळ येथें पुरांतून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली व कित्येक बुडाले. बाळंतिणीला, आजाऱ्याला वाट हवी, यांत वाद कसला?

मात्र गांवकऱ्याला उंचवट्यापर्यंत पोंचविणारी वाट आणि व्यापाऱ्याचा माल एक दिवसहि न थांबतां नेणारा राजमार्ग, यांचा अधिकार सारखा नव्हे. पहिलीसाठीं थोडें पाणी अडलें तरी तें सोसावें. दुसऱ्यासाठीं भराव काढून खांबांवर मोकळे गाळे उभारावे. ते महाग पडतात, हें अभियंत्यांचें म्हणणें यथार्थ आहे. तो वाढीव खर्च टोलनाक्यावर वसूल करावा. आज तो वरच्या अंगाची मळी आणि तेथील मातीच्या भिंती भरीत आहेत, आणि त्यांना कोणी विचारलेलें नाहीं.