आईच्या उदरातील घडण



फ्रॉकच्या कमरेला इलॅस्टिक लावताना शिवणारी बाई ते ताणून धरते आणि तसेच कापडावर शिवते. हात सोडला की इलॅस्टिक आखडते आणि कापडाला आपोआप चुण्या पडतात. एकेक चुणी हाताने घालावी लागत नाही.

आपली आतडी पोटात अशीच वेटोळी होऊन बसतात. गर्भात आतड्याची नळी भराभर वाढते. तिला पाठीकडे बांधून ठेवणारा पातळ पडदा तेवढ्या वेगाने वाढत नाही. मग नळी दुमडणारच. २०११ साली हार्वर्डच्या संशोधकांनी कोंबडीच्या गर्भावर हे पडताळून पाहिले. नळी पडद्यापासून सोडवली तर ती सरळ झाली. उलट, रबराची नळी ताणलेल्या रबरी पडद्याला शिवून सोडली, तर तिला अगदी आतड्यासारखी वेटोळी पडली. मेंदूच्या घड्यांमागेही असेच कारण आहे: बाहेरचा थर आतल्या भागापेक्षा जास्त वाढतो. इतकेच काय, पोटातले बाळ हातपाय हलवते, त्या हालचालीशिवाय त्याचे सांधेही नीट घडत नाहीत. कोणता भाग किती वाढणार, हे ठरवण्यात जनुकांचा वाटा मोठा. पण आकार येतो तो ओढाताणीतून.

हे ऐकून एखादा तरुण विचारतो, "फादर, सगळे आपोआपच होत असेल, तर देवाने काय केले?" प्रश्न चांगला आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला हान्स ड्रिश हा जर्मन शास्त्रज्ञ भेटला होता. १८९१ साली त्याने सी-अर्चिन या काटेरी समुद्रजीवाचा दोन पेशींचा गर्भ हलवून सुटा केला. प्रत्येक पेशीतून अर्धा जीव नव्हे, लहानसा पण पूर्ण जीव तयार झाला. यंत्राचे दोन तुकडे केले तर दोन यंत्रे होत नाहीत. तेव्हा इथे जडापलीकडची शक्ती असलीच पाहिजे, असे ड्रिशने ठरवले. पुढे तो तत्त्वज्ञानाकडेच वळला. त्याचा प्रयोग खरा, निष्कर्ष मात्र घाईचा. पेशी शेजारणीचा रेटा आणि इशारे ओळखून आपली वाट बदलतात, हे आता ठाऊक आहे. जिथे अंधार आहे तिथे देवाला बसवले, की दिवा लागल्यावर त्याला उठवण्याची पाळी येते.

संत थॉमस अक्वायनस यांची वाट मला अधिक पटते. तेराव्या शतकात ॲरिस्टॉटलवर भाष्य करताना त्यांनी निसर्गाला एक उपमा दिली: जणू जहाज बांधणाऱ्याने लाकडालाच अशी शक्ती दिली, की ते आपणहून जहाजाचा आकार घेईल. स्तोत्र १३९ मध्ये गर्भाच्या विणण्याची प्रतिमा आहे. विणणारा प्रत्येक टाक्याला सुई घेऊन बसतो, असा तिचा अर्थ घ्यायलाच हवा का?

हा वाद केवळ पुस्तकी नाही. ओठ दुभंगलेले बाळ कुशीत घेऊन आई येते आणि विचारते, "फादर, माझ्या हातून काय पाप घडले?" त्याआधी घरात कोणीतरी म्हणालेले असते, "ग्रहणात विळी हातात घेतलीस ना!" होय, आपल्या ख्रिस्ती घरांतसुद्धा.

चेहरा वेगवेगळ्या उंचवट्यांतून घडतो. ते एकमेकांकडे वाढतात आणि जुळतात. ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळतो. टाळूचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत असतात. मग ते वर उचलले जातात, आडवे होतात आणि मध्यभागी मिळतात. एखादा उशिरा पोचला किंवा कमी पडला, तर फट राहते. आनुवंशिकता, काही औषधे, धूम्रपान यांनी धोका वाढतो. म्हणून गरोदरपणी जपायलाच हवे. पण बहुतेक वेळा एका कारणावर बोट ठेवता येत नाही, आणि विळीवर तर मुळीच नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता. येशूने त्या माणसालाही दोष दिला नाही, त्याच्या आईवडिलांनाही नाही.

आई पुढे विचारते: "मग जिच्यात फट राहू शकते अशी रीत देवाने ठेवलीच का?" मला एवढे दिसते, की जी लवचीकता कधी फट ठेवते, तीच ड्रिशच्या अर्ध्या गर्भाला पूर्ण करते, आणि एकाच गर्भातून जुळी होतात तीही तिच्यामुळेच. हे उत्तर त्या आईला पुरेल, असे मी म्हणणार नाही. रात्री बाळाला चमच्याने दूध पाजणारी ती आहे, मी नाही.

तोवर घरच्यांनी ग्रहणाचा विषय बंद करावा आणि डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. ओठाची शस्त्रक्रिया साधारणपणे ३ ते ६ महिन्यांच्या वयात होते, टाळूची ९ ते १८ महिन्यांत.