शेवटचं पान

कोलाडजवळच्या एका शेतकऱ्याची लेक पेणच्या खारेपाटात दिली होती. बापाचं शेत डोलवहाळच्या बंधाऱ्यातून निघणाऱ्या कालव्याच्या अगदी तोंडाशी. पाण्याची वाण त्याने कधी पाहिलीच नव्हती. मुळशीला अडवलेलं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, तिथली चाकं फिरवतं आणि कुंडलिकेत उतरतं. 1927 पासून हे असंच चाललं आहे. शेतकऱ्याचं उन्हाळी भात भिजायचं, भिजून वर पाणी ओढ्यात सांडायचं. दार बंद करायला तो क्वचितच उठे. "आपली नदी, आपलं पाणी," एवढाच त्याचा हिशेब.

खरं तर ते पाणी मूळचं घाटावरच्या निळा-मुळेचं. त्या धरणापायी जमिनी जाणार म्हणून मुळशीच्या मावळ्यांनी 1921 साली सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यांच्यासाठी तुरुंगात गेले. पण कालव्याच्या तोंडाशी बसलेल्याला पाणी कुठून आलं ते आठवत नाही, आणि ते कुठवर पोचायचं आहे तेही.

चैत्रात तो लेकीकडे गेला. पाय धुवायला तांब्या आला, तो अर्धा. आंघोळीचं विचारलं तर लेक खाली बघत म्हणाली, "बाबा, टँकर उद्या येणार आहे." बाहेर खाडीला भरती होती. बांधापलीकडे नजर पोचेल तिथवर पाणी होतं, पण खारं.

"हेटवणेचं धरण तुमच्याच तालुक्यात ना?" त्याने व्याह्यांना विचारलं.

"आमच्या उशाशीच आहे. तिथलं पाणी नवी मुंबईला जातं. जाऊ दे, तिथेही लेकरंबाळं आहेत, त्यांच्या तोंडचं पाणी काढा असं मी म्हणणार नाही. पण लाभक्षेत्राच्या नकाशात आमचीही नावं आहेत. 2008 च्या सप्टेंबरात सेझला जमीन द्यायची का, यावर 22 गावांचं मतदान झालं. तेव्हाही आम्ही जीव तोडून हेच सांगत होतो, की आमची शेती हेटवणेच्या पाण्यावर उभी राहणार आहे. माझ्या बांधाला ते पाणी अजून लागलेलं नाही."

पाहुणा गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी गावात सत्यनारायण होता. पंगत बसली. एक तरणा पोरगा वालाच्या बिरड्याचं पातेलं घेऊन आला आणि पहिल्याच रांगेत दोन-दोन वगराळी वाढू लागला. तिथे त्याचे दोस्त बसले होते. व्याह्यांनी उठून त्याच्या हातातून वगराळं घेतलं. मारुतीच्या देवळाच्या कडेला बसलेल्या शेवटच्या माणसापर्यंत ते चालत गेले आणि तिथून पानं मोजत परत आले. मग पातेल्यात डोकावले आणि वाढायला सुरुवात केली ती शेवटच्या पानापासून. पहिल्या रांगेपर्यंत बिरडं पोचलं. दोन वगराळी नाही, एकेकच. पण पान कोणाचंही कोरडं राहिलं नाही.

रात्री अंगणात बसल्यावर शेतकरी म्हणाला, "पहिल्या रांगेतली पोरं रुसली असतील."

"रुसू देत. आमच्याकडे बांध राखायला गावाचा जोळ होता, तुम्हाला ठाऊक आहे? बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड पडली की घरटी माणूस मातीची पाटी घेऊन धावायचा. ज्याचं शेत बांधाला लागून आहे तो, आणि ज्याचं गावठाणाला लागून आहे तोही. खारं पाणी आत शिरलं की ते पहिला-शेवटचा बघत नाही. मग गोडं पाणी वाटताना तरी आपण शेवटच्याला का विसरायचं? आधी पानं मोजायची, मग वगराळं हातात घ्यायचं. आणि पातेलं अपुरं असेल तर सगळ्यांनीच थोडं कमी जेवायचं."

शेतकऱ्याला झोप लागली नाही. आपल्या कालव्याचं शेवटचं गाव कोणतं, हे त्याला सांगता आलं नसतं. आयुष्य त्या कालव्यावर गेलं होतं.

घरी परतल्यावर पहिल्याच पाळीला तो पहाटे उठला. खाचर भरल्याबरोबर त्याने दार पाडलं, वर चिखलाचा लोंदा दाबला आणि सायकल काढून कालव्याच्या काठाने निघाला. दोन-चार मैलांवर अस्तर उखडलेलं दिसलं. पुढे कालव्यात गवत होतं, त्याच्याही पुढे नुसती भेगाळलेली माती. उन्हं चढल्यावर तो शेवटच्या गावात पोचला. एक म्हातारी कोरड्या चारीत शेळ्या घेऊन उभी होती.

"कुठले तुम्ही?"

"तुमच्याच कालव्यावरचा, आजी."

"कधी पाहिलं नाही तुम्हाला."

"नाही. आलोच नव्हतो कधी."

त्याने खिशातली वही काढली, शेळ्यांपासून जरा सरकून चारीच्या काठावर बसला आणि विचारलं, "घरं किती आहेत तुमची? आणि या पाण्याखाली शेत किती?"