शोधकाची पावले

अमेरिकेतील शिकागो शहराभोवती कुक काउंटीची राखीव वने आहेत. युरोपातून आलेल्या बकथॉर्न नामक झुडपाने तेथील ओकवृक्षांखालची रानफुले गुदमरून टाकली होती. १९७७ सालापासून स्वयंसेवक ही झुडपे तोडून देशी वनस्पतींचे बी वेचून पेरीत आले आहेत.

अशा वनांतून आता जिओकॅशिंग नावाचा खेळ चालतो. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर या गृहस्थाने रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधणाऱ्याने डबी उघडावी, आतील वहीत नाव लिहावे, काही घेतल्यास तेवढ्याच अथवा अधिक मोलाचे ठेवावे. वस्तू तरी काय, गोट्या नि बिल्ले! परंतु घेण्याबरोबर देण्याची आठवण देणारा खेळ आम्हांस धर्माला परका वाटत नाही.

मात्र उपग्रह डबीच्या आसपास नेऊन सोडतो; पुढे डोळ्यांनी धुंडावे लागते, आणि खरी परीक्षा तेथेच. एकामागून एक माणसे पाचोळा उसकटीत आली की कोवळ्या रोपांवरून पायवाट पडते. डबी पुरू नये, भूमीच्या धन्याची अनुमती घ्यावी, हे दंडक आहेत. पण पाऊल कोठे टाकावे हे ज्याचे त्यानेच पाहावयाचे. देवदर्शनाच्या घाईत अंगणातील तुळस तुडवून आम्ही गाभाऱ्यात शिरतो काय? त्या वनात आम्ही असतो आणि डबी रोपांच्या पलीकडे दिसती, तर वहीत नाव न लिहिताच परतलो असतो.