गुणांकाचा उंबरा

वाचकहो, खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येते ते शाळेमागचे मैदान. दोन कप्तान समोरासमोर उभे राहतात, आळीपाळीने एकेक गडी मागून घेतात, आणि शेवटी एखादे पोर असे उरते की त्याला कोणीच मागत नाही. मग कोणीतरी म्हणतो, "असू दे, लिंबूटिंबू." तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही, पण खेळायचा मात्र सर्वांबरोबर. मराठी मुलांनी काढलेली ही तोड किती शहाणपणाची आहे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. त्याचे कौशल्य कमी आहे हे कोणी लपवीत नाही, आणि तरीही त्याला कुंपणाबाहेर उभे करीत नाही. (त्या मैदानावर सर्वांनाच पाय ठेवू दिला जात होता असे मात्र म्हणता येणार नाही, तो निराळा आणि अधिक दुःखाचा विषय आहे.)

आज मैदान संगणकाच्या पडद्यावर आणि हातातल्या फोनवर आले आहे. आपल्या घरातील मुले ज्यांच्याशी खेळतात, त्यांचे तोंड त्यांनी कधी पाहिलेले नसते. तेथे नव्या गड्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो नावाचा नव्हे, गावाचा नव्हे, प्रश्न असतो, "तुझा स्कोअर किती?" हा प्रश्न न्याय्य आहे की अन्याय्य, याचा विचार आज आपण मिळून करू. पोरखेळ म्हणून तो बाजूला सारू नये, कारण माणसाची किंमत आकड्याने करण्याचा पहिला धडा अनेक मुले आता तेथेच गिरवीत आहेत.

एक उदाहरण जरा तपशिलाने पाहू. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाचा खेळ अमेरिकेतील ब्लिझार्ड या कंपनीने २००४ च्या नोव्हेंबरात बाजारात आणला. हजारो लोक एकाच वेळी एका काल्पनिक जगात वावरतात, आणि त्यातील मोठी कार्ये एकट्याने होत नाहीत. आरंभी अशा एका मोहिमेला ४० जण लागत. पुढे २५ आणि १० जणांच्या मोहिमा आल्या. खेळाचे जग निरनिराळ्या सर्व्हरांत विभागलेले होते, आणि एका सर्व्हरवर राहणाऱ्यांचे एक गावच झालेले असे. अमका शब्दाचा पक्का आहे, तमका लूट घेऊन मध्येच पळतो, हे गावात जसे कानोकानी कळते तसे तेथेही कळत असे.

पण गाव वाढले की ओळख पातळ होते. २००९ च्या सुमारास या खेळात 'गिअरस्कोअर' नावाची एक जोडणी फार पसरली. ती कंपनीने केलेली नव्हती, खेळणाऱ्यांपैकीच कोणी केलेली होती. समोरच्या माणसाने अंगावर घातलेली चिलखते, अंगठ्या, शस्त्रे यांची प्रत पाहून ती एक आकडा काढून देई. झाले! त्या वर्षाच्या डिसेंबरात आइसक्राउन सिटाडेल ही मोठी मोहीम उघडली, आणि चौकाचौकांत दवंड्या सुरू झाल्या: पाच हजारांच्या वरचेच यावे, साडेपाच हजारांच्या वरचेच यावे, आणि मोहीम पूर्वी पुरी केल्याचे प्रमाणपत्रही दाखवावे. आता आपणच विचार करा. ज्याने मोहीम पुरी केली नाही त्याला मोहिमेत घ्यायचे नाही. आणि मोहिमेत गेल्यावाचून ती पुरी होणार कशी? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली ही गत. लोकांनी वाटही त्याच जातीची काढली. खोटे प्रमाणपत्र दाखविणाऱ्या जोडण्या निघाल्या. उंबरा उंच झाला की चोरवाटा निघतातच, आणि जो चोरवाटेने जात नाही तो सरळ माणूस तेवढा बाहेर राहतो.

शिवाय तो आकडा पुष्कळदा खोटेच बोले. माणसामाणसांच्या द्वंद्वासाठी केलेली चिलखते मोहिमेत फारशी उपयोगाची नसत, पण गिअरस्कोअरच्या हिशेबात ती भारदस्त ठरत. आगीत उभे राहू नये एवढे ज्याला कळते आणि नेता सांगेल तेव्हा जो हात आवरतो, त्याच्या या शहाणपणाला त्या आकड्यात जागाच नव्हती. अंगरख्याच्या किमतीवरून माणूस ओळखण्याची खोड जगात जुनी आहे. येथे तिला फक्त बेरीज करून देणारा कारकून मिळाला.

तथापि वाचकहो, एकच बाजू पाहून निवाडा करणे हे धर्माला धरून नाही. मोहीम जमविणाऱ्या नेत्याची अडचण खरी आहे. पंचवीस माणसे जमवायची, त्यांचे दोन-तीन तास हाती घ्यायचे, आणि त्यांतील एकाच्या अजाणतेपणाने सगळे आडवे व्हायचे. त्या मोहिमांना आठवड्याचे बंधन असे. या आठवड्यात एका गटाबरोबर बांधला गेला की दुसऱ्या गटाबरोबर तीच मोहीम पुन्हा सुरू करता येत नसे. चोवीस जणांचा आठवडा वाया घालविण्याचा अधिकार पंचविसाव्याला आहे काय? शिकाऊ माणसाला दया म्हणून नाव वल्हवायला दिली आणि नाव बुडाली, तर त्या दयेची किंमत इतरांनी मोजली. म्हणून "कोणालाही नाही म्हणू नये" असे सोपे उत्तर मी देणार नाही. ज्याला तयारी विचारण्याची मुभा नाही, त्याच्यावर जबाबदारीही टाकता येत नाही.

मग दोष आकड्यात आहे काय? बुद्धिबळाकडे पाहा. आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकी येथे पदार्थविज्ञान शिकविणारे प्राध्यापक. त्यांनी बसविलेली गुणांकनाची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिचा गाभा साधा आहे. दोघांच्या गुणांकांतील अंतरावरून कोणी किती डाव जिंकावेत याची अपेक्षा काढायची. अंतर २०० असेल, तर वरच्याला चारांपैकी सुमारे तीन गुण मिळावेत. प्रत्यक्षात त्याहून अधिक मिळाले तर गुणांक वाढवायचा, कमी मिळाले तर उतरवायचा. स्वतः एलो यांना या मापाचा गर्व नव्हता. पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यावर डुलणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजण्यासारखे हे आहे, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. माप करणाऱ्याच्या अंगी असलेली ही नम्रता माप वापरणाऱ्याच्या अंगी क्वचितच उतरते.

पण बुद्धिबळात दोन गोष्टी घडतात त्या ध्यानात घ्या. पहिली, पटावर माणूस एकटा असतो. जिंकला तर आपल्या बुद्धीने, हरला तर आपल्याच. दुसरी, गुणांक नसलेल्यालाही खुल्या स्पर्धेत बसता येते, आणि तेथे खेळूनच त्याला गुणांक मिळतो. म्हणजे आकडा खेळाच्या मागून येतो. संघाच्या खेळात मात्र तो खेळाच्या आधी मागितला जातो, आणि तो मिळालेला असतो तो संघाच्या यशातून. चांगल्या सोबत्यांत घेतला गेलो म्हणून जिंकलो, जिंकलो म्हणून आकडा चढला, आकडा चढला म्हणून पुन्हा चांगल्या सोबत्यांत घेतला गेलो. ज्याला पहिल्या दिवशी दार उघडले गेले नाही, त्याच्या रित्या पाटीकडे बोट दाखवून वर म्हणायचे, "पाहा, याच्याजवळ काही नाही!" वगळणे हेच वगळण्याचे कारण होऊन बसते. हा पंक्तिप्रपंच आहे. वाढप्याने ज्याच्या पानात वाढलेच नाही, त्याला तो उपाशी का, म्हणून दोष द्यावा तसा.

त्याच खेळाचा पुढचा अध्याय असा. २०१६ मध्ये तेथे पाच जणांच्या, घड्याळाशी स्पर्धा करणाऱ्या मोहिमा आल्या. एक जण ढाल होऊन घाव झेलतो, एक जखमा भरतो, तिघे प्रहार करतात. मोहिमेची 'किल्ली' एकाच्या मालकीची असते आणि काम वेळेत न आटोपल्यास तिचा दर्जा सामान्यतः एक पायरी उतरतो. म्हणजे येथेही किल्लीवाल्याचे खरेच काही पणाला लागलेले असते. प्रत्येकाने किती वरची मोहीम किती वेळात केली याची बेरीज 'रेडर आयओ' ही बाहेरची सेवा करू लागली. २०२१ मध्ये कंपनीने स्वतःचाच गुणांक खेळात बसविला. आता किल्लीवाल्यापुढे अर्जदारांची यादी येते, नावापुढे आकडा असतो, आणि तो बोटाने एकेकाला पुसून टाकतो.

यात एक गंमत आहे, आणि मला ती फार बोलकी वाटते. प्रहार करणारे पुष्कळ आणि ढाल होणारे थोडे. म्हणून जो किल्लीवाला प्रहार करणाऱ्याला थोड्या गुणांसाठी परत पाठवितो, तोच ढाल होणारा मिळत नसला की त्याहून कमी गुणांचा माणूस आनंदाने घेतो. म्हणजे आकडा हे तत्त्व नव्हतेच. गरज असली की उंबरा खाली येतो, गर्दी असली की वर जातो. बाजारभावाला आपण "योग्यता" हे नाव दिले, एवढेच.

आपल्याकडील मुलांना हा अनुभव फोनवर येतो. पबजी या खेळाच्या मोबाइल आवृत्तीवर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये भारतासाठी 'बीजीएमआय' या नावाने ती निराळ्या रूपात आली. बेळगावपासून इंदूरपर्यंत चार मुले चार घरांत बसून तो एकत्र खेळतात. तेथे ब्राँझपासून काँकररपर्यंत पायऱ्या आहेत, आणि विचारला जाणारा आकडा म्हणजे 'केडी': किती जणांना पाडले, त्याचे प्रमाण. या खेळात जखमी होऊन गुडघ्यावर आलेल्या सोबत्याला उठविता येते. त्यासाठी काही सेकंद त्याच्याजवळ बसावे लागते, आणि ते सेकंद धोक्याचे असतात. उठविणाऱ्याचा केडी त्याने कणभरही वाढत नाही. उलट उठविताना तोच टिपला जाण्याचा धोका असतो. मग केडी सांभाळणारा मुलगा काय शिकतो? सोबती विव्हळत असताना दुसरीकडे नेम धरायला शिकतो. त्याला कोणी कठोर हो म्हणून सांगितले नाही. त्याच्यापुढे एक पाटी ठेवली आणि तिच्यावर काय लिहिले जाते व काय लिहिले जात नाही, एवढेच त्याला दाखविले.

आपण म्हणाल, नाकारलेल्याने रडत का बसावे? स्वतःचा गट काढावा. तेथे अनुभवी मंडळी हाच सल्ला नेहमी देतात, आणि तो अगदीच पोकळ नाही. स्वतःची किल्ली घेऊन उभा राहिलेला माणूस कोणाच्या दारात तिष्ठत नाही. परंतु त्याच्या गटात येणार कोण? तोही बहुधा नाकारलेल्यांतूनच येणार. पाच शिकाऊ एकत्र आले तर शिकविणार कोण, हा प्रश्न उरतोच. आणि त्यांतून जे तरले, त्यांचे वर्तन पाहावे. काल ज्याला उंबऱ्यावरून परत पाठविले, तो आज स्वतःच्या दाराला तेवढाच उंच उंबरा बसवितो, कधी चार बोटे अधिकच. सासुरवास सोसलेली सून सासू झाल्यावर काय करते, ते सांगायला नको.

प्रत्येक किल्लीवाला आपापल्या जागी रास्त आहे आणि सर्व मिळून अन्याय करीत आहेत, असा हा पेच आहे. नवख्याला कोणीतरी एकदा वाहून न्यावेच लागते. आज जे वरच्या पायरीवर आहेत, त्यांनाही कोणीतरी आकडा न विचारता नेले होते. ते ऋण आहे, पण ते कोणाच्या नावावर लिहिलेले नाही, म्हणून प्रत्येकाला वाटते की दुसरा फेडील. आजही जेथे माणसे एकमेकांना नावाने ओळखतात अशा छोट्या मंडळ्यांत ते फेडले जाते. तेथे वाटेत थांबून समजावून सांगतात, हरले तरी पुन्हा बोलावितात. अनोळख्यांच्या यादीत ते फेडले जात नाही. तेथे नकारही शब्दाने दिला जात नाही. अर्ज केला तो नाहीसा होतो, बस्स. "या कामाला तू अजून तयार नाहीस, अमुक शिकून ये" हे बोलणे कठोर असले तरी ते माणसाशी केलेले असते. मला आकड्यापेक्षा हा मुका नकार अधिक बोचतो.

जानेवारी २०२४ मध्ये ब्लिझार्डने या खेळात एक नवी सोय केली. नवख्याला मोहीम शिकायची असेल, तर त्याच्याबरोबर संगणकानेच चालविलेले सोबती येतात. ते त्याची ढाल होतात, जखमा भरतात, तो थांबला तर थांबतात, चुकला तरी गट सोडून जात नाहीत, आणि त्याचा गुणांक विचारीत नाहीत. ही सोय फक्त साध्या पातळीच्या मोहिमांपुरती आहे. किल्लीच्या मोहिमांना पाच माणसेच लागतात, आणि तेथे यादी पूर्वीसारखीच आहे.